दोन अक्षरांचे समीक्षाशास्त्र

नटाचा आवाका तोकडा आहे, हे नाटक न पाहताही सांगण्याची सोय इंग्रजी समीक्षेला ज्या शब्दप्रयोगाने करून दिली, तो म्हणजे 'भावनांचा सारा पल्ला, ए पासून बी पर्यंत' हा होय. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तेथील व्यावसायिक नाट्यगृहांच्या परिसरात, २६ डिसेंबर १९३३ रोजी 'द लेक' हे नाटक लागले आणि त्यातील कॅथरिन हेपबर्न यांच्या कामावर लेखिका डोरोथी पार्कर यांनी हा शेरा मारला, असे मानण्याचा प्रघात आहे. नाटकाचे ५५ प्रयोग झाले. शेऱ्याचे अजून चालू आहेत.

'सारा पल्ला' म्हणून ऐकणाऱ्याला झेडपर्यंतच्या गाडीत बसवायचे आणि पुढच्याच थांब्यावर उतरवून द्यायचे, एवढेच या शेऱ्याचे तंत्र असून, ए ही भावना कोणती आणि बी कोणती, हे सांगण्याची तोशीस तो समीक्षकाला पडू देत नाही. त्यामुळे दु:खी प्रसंगात नटी नेमकी कोठे चुकली, हे शोधत बसण्याचे कष्ट वाचतात आणि शिवाय विनोदबुद्धीचा लौकिकही पदरात पडतो.

मूळ वाक्यात पल्ल्यासाठी येणारा 'गॅमट' हा शब्द मात्र संगीतातला आहे. मध्ययुगीन युरोपात सर्वांत खालच्या स्वराला असलेले 'गॅमा उत' हे नाव पुढे सगळ्या स्वरपंक्तीलाच लागू झाले. आता इंग्रजी स्वरलेखनात ए ते जी अशी सातच अक्षरे असतात आणि जी नंतर पुन्हा ए येतो, तेव्हा पारिभाषिक काटेकोरपणा पाळायचा तर हेपबर्न यांना २६ पैकी नव्हे, ७ पैकी २ गुण, म्हणजे ७.७ ऐवजी २८.६ टक्के द्यावे लागतात. (पस्तिशी गाठायला तेही अपुरेच, हे मराठी वाचकाच्या ध्यानात येईलच.)

पुढे हेपबर्न यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे चार ऑस्कर मिळाले, जो विक्रम अभिनयाच्या क्षेत्रात आजही अबाधित आहे. त्यांतला पहिला मार्च १९३४ मध्ये, 'द लेक'नंतर काही आठवड्यांतच जाहीर झाला आणि तो ज्या 'मॉर्निंग ग्लोरी' चित्रपटासाठी होता, त्यात त्यांनी रंगभूमीवर थोर नटी होण्याच्या जिद्दीने न्यूयॉर्कला आलेल्या मुलीची भूमिका केली होती. ती भूमिका ए मध्ये मोडते की बी मध्ये, याविषयी शेऱ्याचे भाष्यकार अद्याप मौन बाळगून आहेत.