उणे बेचाळीस आणि बनियन

फेअरबँक्स हे गाव वसलं तेच मुळी कुणीतरी अडकून पडल्यामुळे. १९०१ साली बार्नेट नावाचा एक व्यापारी आगबोटीत माल भरून अलास्काच्या आत निघाला होता. नदीला पाणी पुरेना, तेव्हा कप्तानानं त्याला मालासकट चेना नदीच्या काठावर उतरवलं आणि बोट मागे वळवली. बार्नेटनं तिथेच दुकान मांडलं, पुढच्या वर्षी जवळपास सोनं सापडलं आणि गाव उभं राहिलं. जानेवारीत तिथे जाऊन पडलेल्या माझ्यासारख्या माणसाला बार्नेटबद्दल फार जिव्हाळा वाटतो. अर्थात तो ऑगस्टमध्ये अडकला होता. तेवढी अक्कल त्याला होती.

माझा भाचा तिथल्या विद्यापीठात शिकतो आणि गावाबाहेर ‘ड्राय कॅबिन’मध्ये राहतो. म्हणजे एका खोलीचं लाकडी घर. वर झोपायला माळा, त्याला शिडी. वीज आहे, इंटरनेट तर माझ्या पुण्याच्या घरापेक्षा बरं आहे, पण नळ नाही. बऱ्याच ठिकाणी जमीन बारा महिने गोठलेली, त्यामुळे विहीर खणणं आणि सांडपाण्याची टाकी पुरणं म्हणजे घरापेक्षा सोयी महाग. म्हणून विद्यार्थीच काय, चांगले कमावते लोकही तसेच राहतात आणि वर त्याची ऐट मिरवतात.

खिडकीबाहेर नजर जाईल तिथवर बर्फ, आणि प्यायचं पाणी मात्र गावातून गाडीनं आणायचं! मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्याला हे सांगितलं तर तो हसेल की रडेल, सांगता येत नाही. पाणीकेंद्रावर पैसे टाकायचे, एकोणीस लिटरचे कॅन भरायचे आणि ते घसरड्या वाटेवरून घरात आणायचे. बेसिनखाली पाइप नाही, बादली आहे. ती भरत आली की पाणी पडण्याचा आवाज बदलतो, आणि भाच्याचा कान त्या आवाजाला असा तयार झालाय की फोनवर बोलता बोलता तो मध्येच ओरडतो, “मामा, थांब! बादली!” खरकटी ताटलीसुद्धा तो आधी पोळीच्या तुकड्यानं पुसून घेतो. त्याच्या आईला वीस वर्षं कानीकपाळी ओरडून जे जमलं नाही, ते एका बादलीनं केलं.

मात्र घरात थंडी वाजते म्हणाल, तर नाव नको. लाकडाची शेगडी पेटली की सगळी ऊब उठून माळ्यावर जाऊन बसते. खाली जमिनीवर लोकरीचे दोन-दोन मोजे, आणि वर मी, बाहेर उणे ४२ असताना, बनियनवर घामाघूम. भाचा दही माळ्यावरच लावतो. खाली ठेवलं तर दुधाचं दूधच राहतं. इडलीचं पीठही माझ्या उशाशी फुगत होतं. रात्री दोनदा त्याचा झाकणातून बाहेर येण्याचा आवाज ऐकून मी दचकून उठलो. घरातली हवा इतकी कोरडी की शिडीच्या लोखंडी कडीला हात लावला की झटका बसतो. म्हणून शेगडीवर कायम पाण्याची किटली. एके सकाळी स्वयंपाकाचा गॅस मंदावला. बाहेरच्या टाकीतलं प्रोपेन उणे ४२ च्या खाली गेलं की वायू व्हायचंच नाकारतं. चहा लाकडावर झाला, धुरकट आणि फर्मास.

पण चहा पिताना विचार करावा लागतो, कारण संडास बाहेर आहे. झाडीत, तीसेक पावलांवर.

इथे कॅबिनच्या लोकांचं खरं शास्त्र सुरू होतं. संडासाची बैठक निळ्या फोमच्या जाड तक्त्यातून कापलेली असते. फोम अंगातली ऊब ओढून घेत नाही, त्यामुळे बसताक्षणी तो कोमट लागतो. हे मला खोटं वाटलं होतं. बसल्यावर त्या अनाम शोधकाला मी मनोमन नमस्कार केला. वास अजिबात नाही. मात्र खाली पडलेलं काहीच पसरत नाही, ते जागच्या जागी गोठून सरळ वर वाढत जातं. म्हणून कोपऱ्यात एक दांडका ठेवलेला असतो. तो कशासाठी हे मी विचारलं, आणि भाच्यानं जेवताना सांगितलं.

तयारीला लागणारा वेळ हा वेगळाच मामला. दोन पायजमे, वर फुगीर पँट, दोन टोप्या, आणि ‘बनी बूट’ नावाचे लष्करी पांढरे रबरी बूट, ज्यांच्या दोन थरांत हवा कोंडलेली असते. बुटाला चक्क व्हॉल्व्ह असतो, विमानातून जाताना हवा सोडायला. हे सगळं चढवेपर्यंत कधी कधी निकड निघून जाते आणि माणूस पुन्हा सगळं उतरवून बसतो.

गाडीचे लाड त्याहून जास्त. प्रत्येक गाडीच्या नाकातून विजेची वायर लोंबते; रात्री ती प्लगला लावून इंजिन शेकत ठेवायचं. तरी सीट फळीसारखी, आणि टायर रात्रभर एका जागी राहून खालून चपटे झालेले. पहिला मैलभर गाडी खडखडत, उसळत जाते. रस्त्यावर गाड्यांच्या धुरातली वाफच गोठून दाट धुकं झालेलं. त्यात मूस नावाचं उंटाएवढं हरीण आडवं आलं, तर वाट त्याची.

आंघोळ लाँड्रीत. खरंच, कपडे धुवायच्या दुकानात मागच्या बाजूला शॉवर असतात, पैसे भरून रांगेत बसायचं. एकीकडे कपडे फिरताहेत, दुसरीकडे मालक उकळून निघताहेत. माझ्यापुढे टॉवेल खांद्यावर टाकलेले एक दाढीवाले आजोबा होते. आजची थंडी काहीच नाही, १९३४ च्या जानेवारीत इथे उणे ५४ झालं होतं, असं त्यांनी घरच्या कर्तबगार माणसाबद्दल सांगावं तसं सांगितलं. मग विचारलं, तुमच्याकडे हिवाळ्यात किती?

“नऊ-दहा,” मी म्हणालो. “शून्याच्या वर.”

ते हसले. मग कुतूहलानं म्हणाले, “आणि घर कशानं तापवता?”

“घर तापवत नाही. स्वेटर घालतो. फरशी गार असते, तिच्यावर चटई टाकतो.”

आजोबांचा चेहरा उतरला. “म्हणजे पहाटे घरात… पंधरा-सोळा?”

“हो. आणि खिडक्यांच्या फटी असतातच.”

“अन् आंघोळ?”

“बादलीतून. तिथेच.”

ते काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग आपला नंबर आला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं, आणि काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, “आधी यांना जाऊ द्या. फार सोसलंय.”