गच्चीवर रान कसं उभारावं: नवशिक्यांसाठी

जागा ठरलेली आहे. लोअर परळ, पस्तीस-चाळीस मजल्यांचा काचेचा टॉवर. त्याच्या गच्चीवर कूलिंग टॉवर, पाण्याच्या टाक्या, अँटेना आणि काचा पुसणाऱ्यांच्या पाळण्याचे रूळ असतात. एवढं सगळं वजा करून जे उरतं, त्याला आराखड्यात ‘अर्बन फॉरेस्ट’ म्हणायचं.

आधी मंजुरी. त्यासाठी १९८४ हे साल पाठ करा. एडवर्ड विल्सन यांचं ‘बायोफिलिया’ त्याच वर्षी आलं, आणि रॉजर उल्रिच यांचा ‘सायन्स’मधला लेखही. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, असं उल्रिच यांना आढळलं. ही स्लाइड आली की बोर्डरूममध्ये माना डोलतात. त्या रुग्णांना कोणी लॅपटॉप दिला नव्हता, हे आपण होऊन सांगायला जाऊ नका.

मग स्ट्रक्चरल इंजिनिअर येतो. याला शक्य तितक्या उशिरा बोलवावं, कारण तो मातीचं वजन विचारतो. वावर असलेल्या सपाट गच्चीवर आपल्याकडे चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. फूटभर ओली माती तेवढ्याच जागेत ५०० किलोच्या घरात जाते. झाड, कुंडी आणि झाडाखाली बसलेला अकाउंट्सचा माणूस वेगळा. मुंबईत छतावरच्या बागेचा दाखला हवाच असेल तर मलबार हिलचं हँगिंग गार्डन आहे. ते जलाशयाच्या छतावर आहे. पण खाली पाणीच असल्यावर छत गळतंय म्हणून तक्रार कोण करणार? तुमच्या खालच्या मजल्यावर मात्र संचालकांची केबिन असते. उंचावरचा मजला मानाचा, त्यामुळे पहिला थेंब मोठ्या टेबलावरच पडतो. त्याला फार काही लागत नाही. जुलैच्या पहिल्या झडीत चाफ्याचं एक रुंद पान पाइपच्या जाळीवर चपखल बसलं, की तासाभरात गच्चीचा तलाव होतो. (आराखड्यात ‘वॉटर बॉडी’ आधीच दाखवून ठेवली असेल तर निभावून जातं.)

वजनाचं गणित जुळेना तर माती काढून प्लास्टिकचं लॉन अंथरा. मे महिन्याच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय टेकवत नाही, पण ड्रोनमधून हिरवं दिसतं.

झाडं निवडताना वाऱ्याचा विचार करावा, असं जुने माळी सांगतात. चाळिसाव्या मजल्यावर केळीच्या पानांच्या आठवडाभरात झिरमिळ्या होतात. नारळ लावू नका. खाली रस्ता आहे. पिंपळ लावायची गरजच नाही. तो कावळ्यांमार्फत येतो आणि कठड्याच्या भेगेत माती, ठिबक आणि वार्षिक देखभाल करार यांपैकी काहीही नसताना तजेलदार वाढतो. तुमच्या प्रकल्पातलं सगळ्यात तगडं झाड हेच. ते दिसताक्षणी उपटून टाकायला माळ्याला सांगा. मोठं झालं तर तोडायला वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागेल.

आता माणसं. बाकांना पाठ ठेवू नका, नाहीतर लोक बसून राहतात. सावली दुपारी दीड वाजता कुठेही पडणार नाही, याची खात्री करून घ्या. ‘डबे आणू नयेत’ हा फलक आधी, झाडांच्या नावांचे मागाहून. चावी सिक्युरिटीकडे, सिक्युरिटीला मेल फॅसिलिटीचा, आणि फॅसिलिटीला मेल तुमच्या साहेबांचा. तरीही काही जण वर पोचतातच. पाण्याची टाकी आणि चिलर यांच्या मधल्या फटीत, एका कानावर हात ठेवून, इस्त्रीच्या शर्टातला कोणी हळू आवाजात आपला नोटीस पीरियड सांगताना दिसेल. दुसऱ्या कंपनीला मुलाखत द्यायला इमारतीत याहून चांगली जागा नाही. त्याला हटकू नका. सामुदायिक जागेचा मनापासून वापर करणारा तेवढाच एक आहे.

उद्घाटन जानेवारीत ठेवा. हवा बरी असते आणि नर्सरीतून आणलेल्या कुंड्या टवटवीत असतात. वार्षिक अहवालाचे फोटो त्याच दिवशी उरकून घ्या. फलक छापायला द्याल तेव्हा ‘वॉटरप्रूफिंगच्या कामासाठी गच्ची बंद आहे’ हाही त्यातच द्या. एकत्र छापले की स्वस्त पडतात.