उरलेल्या थेंबांचे धनी

काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या बाजूला मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि दर दोन गल्ल्यांमागे एक काका आहेत. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेला आल्या, त्या लवाजम्यातून आमच्या काकांचे पूर्वज आले. लवाजमा परत निघाला तेव्हा पूर्वज दुपारचे झोपले होते, ते राहिले. हे काकाच सांगतात, आणि त्यांची दिनचर्या पाहता खोटं वाटत नाही.

काका सल्ले देतात, आणि त्यांचं खातं डोळ्यांचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी महिनाभर घालायला थेंब दिले. काकांनी निम्म्यावरच थांबवले, कारण चांगलं औषध संपवून टाकणं त्यांना पटत नाही. तेव्हापासून ती बाटली सदऱ्याच्या खिशात, पानाच्या डबीशेजारी असते. माणसं हल्ली ऐकत नाहीत, म्हणून काका कुत्र्यांकडे वळले. त्यात पुण्यही आहे. काळभैरव काशीचे कोतवाल आणि कुत्रा त्यांचं वाहन. "कोतवालसाहेबांची गाडी आहे ही," काका म्हणतात, "हेडलाइट नको बघायला?"

निदान ओट्यावरून, न उठता. चिपडं दिसली की "उष्णता, गुलाबपाणी." कोपऱ्यातल्या घरच्या पिल्लाच्या डोळ्यात गुलाबी गाठ आली, तर "मांस वाढलंय, कापून टाका." खरं म्हणजे ती तिसऱ्या पापणीतली अश्रुग्रंथी, जागेवरून सरकलेली. डोळ्याचं बरंच पाणी तीच बनवते. कापली तर डोळा जन्मभर कोरडा पडू शकतो, म्हणून हल्ली ती परत आत बसवून टाके घालतात. पिल्लाच्या मालकिणीला हे ठाऊक होतं, गाठ वाचली.

समोरचा म्हातारा कुत्रा निळसर डोळ्यांनी बघतो, त्यावर काकांचा निकाल: "मोतीबिंदू. पिकू दे अजून." सात-आठ वर्षांपुढे कुत्र्याच्या डोळ्यातलं भिंग घट्ट होऊन निळं दिसतं, पण त्यातून त्याला ठीक दिसतं. या कुत्र्याला तर गल्लीच्या टोकाहून काका दिसतात आणि तो तिथूनच माघारी वळतो.

मग पाळी आली घरच्याच कुत्र्यावर, भैरूवर. गल्लीतल्या मांजरीशी त्याची बोलणी फिसकटली. सकाळी डावा डोळा अर्धा मिटलेला, पाण्याची धार, आणि तोंड सारखं गोधडीवर घासणं. काकू म्हणाल्या, "एकाच डोळ्याला झालंय हो. आणि उजेडाकडे बघत नाहीये. दुखतंय त्याला."

"अगं, एक बूंद टाकून देतो, संध्याकाळपर्यंत ठीक होऊन जाईल."

संध्याकाळपर्यंत तीन वेळा टाकले. दुसऱ्या दिवशी बुबुळावर फूल पडल्यासारखा पांढुरका डाग दिसला. काकूंनी वाद घातला नाही. पदर खोचला, अठरा किलोंचा भैरू उचलला आणि थेट मैदागिनला जाऊन रिक्षा धरली. मागून काका, पान जमवत, तज्ज्ञ म्हणून.

जनावरांच्या डॉक्टरांनी नारिंगी कागदाची पट्टी ओली करून भैरूच्या डोळ्याला टेकवली, जादा रंग धुतला, निळा दिवा धरला. बुबुळावर हिरवागार ठिपका चमकला. जिथे वरचं आवरण खरवडलेलं असतं तिथेच तो रंग धरतो. "नखाचा ओरखडा आहे, आणि खोल गेलाय. घरी काय घातलंत?"

बनारसी माणूस पान भरल्या तोंडानेही हनुवटी वर करून बोलू शकतो. काकांनी हनुवटी हलवली नाही. काकूंनी त्यांच्या खिशात हात घातला आणि बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी लेबल वाचलं. स्टेरॉइड. ऑपरेशननंतरची सूज उतरवायला उत्तम, पण खरवडलेल्या बुबुळावर जखम भरू देत नाही, जंतूंना मोकळं रान देतं, आणि पुढे बुबुळाला भोकही पडू शकतं. हे सांगताना ते काकूंकडेच बघत होते, काकांकडे बघण्यात अर्थ नाही हे त्यांनी ओळखलं होतं.

भैरूला वजन करून दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या, दर काही तासांनी घालायचे थेंब मिळाले आणि गळ्यात प्लास्टिकचा भोंगा आला. थेंबांच्या वेळा काकूंनी कॅलेंडरवर लिहिल्या, बाटली पदराला बांधली. भोंगा गल्लीतल्या प्रत्येक चौकटीला आपटायचा. "का गुरू, भोंपू?" असं जो तो विचारी, आणि काका पान थुंकायला म्हणून घरात जात.

डोळा भरला, बारीकसा पांढरा वण राहिला. काकांनी डोळ्यांचं खातं बंद केलं. आता कुणी लाल डोळ्याचं कुत्रं आणलं तर ओट्यावरून गरजतात, "घरचे थेंब घालायचे नाहीत! आधी हिरवं करून घ्या." परवा शेजारच्या आजोबांचा गुडघा धरला. काकांनी पानाची डबी उघडली, आतून गोळ्यांची पुडी काढली.

"ह्या भैरूच्या उरल्यात. तुमचं वजन किती?"