काका, परत बोला ना!

समजावून सांगितलं की माणूस सुधारतो, यावर माझी गाढ श्रद्धा आहे. सोसायटीचा सचिव असल्यामुळे ती टिकवणं मला भागच आहे. जिन्यात चपलांचं दुकान मांडणाऱ्यांना, ओला-सुका कचरा एकत्र करणाऱ्यांना, दुसऱ्याच्या जागेत स्कूटर लावणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं समजावतो आहे. चपला अजून जिन्यातच आहेत, ती गोष्ट वेगळी. ही श्रद्धा घेऊन मी बीजीएमआय खेळायला बसलो.

बीजीएमआय म्हणजे पूर्वाश्रमीचा पबजी. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ज्या ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत हा होता. जुलै २०२१ मध्ये नवं नाव घेऊन तो परतला. आता त्यात रक्त हिरवं असतं आणि अठराच्या आतल्या पोरांना दिवसाला तीनच तास खेळता येतं. हे तीन तास सगळी पोरं मिळून माझ्याच स्क्वाडमध्ये घालवतात, असा माझा दाट संशय आहे.

खेळ तसा सोपा. विमानातून शंभर जणांनी छत्री घेऊन उतरायचं, घरोघर फिरून बंदुका गोळा करायच्या, भोवतालचं वर्तुळ आवळत जातं त्याच्या आत राहायचं आणि शेवटपर्यंत टिकायचं. चौघांचं एक स्क्वाड. ओळखीचे भिडू घ्यावेत म्हणून भाच्याला विचारलं, तर तो म्हणाला, “मामा, तू जेवायला बोलाव, लगेच येतो. पण तुझ्याबरोबर खेळलो की माझी रँक जाते.” मग राहिले रँडम भिडू.

शत्रूचं एक बरं असतं. तो आपल्याला मारणार हे नक्की ठाऊक असतं, त्यामुळे त्या शहाण्णव जणांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. प्रश्न असतो तो उरलेल्या तिघांचा. या खेळात आपल्याच गड्याची गोळी आपल्याला लागत नाही. हातबॉम्ब मात्र लागतो. नियमांत एवढी फट पुरते. आमच्या सोसायटीच्या उपविधींत याहून मोठ्या आहेत, पण तिथे कोणी बॉम्ब टाकत नाही.

उडी मारताना एकानं पुढे व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे जायचं, अशी सोय आहे. आमचा म्होरक्या होता नावात तलवारी आणि कवट्या लावलेला एक पोरगा. खेळातला एरांगेल हा नकाशा आठ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद. उतरायला गावं, शाळा, लष्करी तळ, सगळं काही. त्यानं समुद्र निवडला. पोहता पोहता मी नेतृत्वाच्या जबाबदारीवर बोललो. “हो काका, बरोबर आहे तुमचं,” तो म्हणाला. किती नम्र!

किनाऱ्याला जीप मिळाली. त्यानं आदरानं मला मागे बसवलं, नदीच्या दिशेनं गाडी भरधाव सोडली आणि स्वतः मधेच उडी मारली. मी पुन्हा पोहलो, पुन्हा समजावलं. पोचिंकी गावात शत्रू लपले होते, त्या घरासमोर दुसरी गाडी उभी करून त्यानं हॉर्न वाजवला. मी सार्वजनिक शांततेकडे वळलो. एवढ्यात चौथा भिडू काही न बोलता खेळ सोडून गेला. मला तो पळपुटा वाटला.

मग बॉम्ब आला. मी नॉक झालो. नॉक झालेला माणूस गुडघ्यांवर रांगतो, त्याचं आयुष्य थेंबाथेंबानं कमी होतं आणि भिडूनं दहाएक सेकंद जवळ बसून उठवलं नाही तर संपतं. ते आयुष्य मी सहजीवनाचं महत्त्व सांगण्यात खर्च केलं. पलीकडून तीन-चार पोरांचं हसू ऐकू आलं. “काका, परत बोला ना, याला ऐकायचंय!”

भाच्यानं निदान केलं. “मामा, त्याला जिंकायचं नसतंच. त्याला तुझं बोलणं हवं असतं. माइक बंद कर, त्याला म्यूट कर, रिपोर्ट कर आणि पुढची मॅच लाव.” ज्याला मी प्रबोधन समजत होतो, तो माझा मोफत तमाशा होता.

पुढच्या मॅचला त्याच जातकुळीचा दुसरा पोरगा आला. बॉम्ब पडला. मी दात-ओठ खाल्ले, पण माइक उघडला नाही. सबंध कारकिर्दीत इतकी कठीण गोष्ट मी केली नव्हती. वार्षिक सभेतसुद्धा नाही. पोरगा थांबला. माझ्याभोवती फिरला. दोन उड्या मारल्या, खाली बसला, उठला. आवाज नाही. मग चक्क माझ्याजवळ बसून त्यानं मला उठवलं आणि वर औषधाची पेटी माझ्या पुढ्यात टाकली.

माझा ऊर भरून आला. एक शब्द न बोलता हृदयपरिवर्तन! अशा गुणी मुलानं हे का केलं आणि ते योग्य कसं, हे कोणीतरी त्याला नीट समजावून सांगायलाच हवं होतं. मी माइक उघडला. “बाळा, हे बघ, समूहात राहायचं म्हणजे—”

“आला रे आवाज!” तो आनंदानं ओरडला आणि त्यानं दुसऱ्या बॉम्बची पिन ओढली.