कॅलिब्रेटर विकणाऱ्या महोदयांस अनावृत पत्र



पत्रास कारण की, आपण मला विकलेलं मॉनिटर कॅलिब्रेटर अपेक्षेपेक्षा जास्त काम करतंय. पूर्वी माझ्या स्क्रीनवरचे रंग नुसतेच चुकायचे, आता ते अहवालासकट चुकतात. करड्या पट्टीत मधेच गुलाबी झाक येते आणि अहवाल म्हणतो, डेल्टा ई एकाच्या आत, म्हणजे डोळ्याला फरक कळू नये इतकी अचूकता. असणारच. मोजणारं यंत्र तेच आणि तपासणारंही तेच. पोराने आपलाच पेपर तपासला तर तो नापास कशाला होईल?

त्या गुलाबी झाकेवर उतारा म्हणून मी लग्नाचे फोटो हिरव्याकडे ढकलत गेलो. अल्बम छापून आला तेव्हा नवरीच्या हळदीला शेवाळी छटा होती. तिच्या आईने पानं उलटता उलटता विचारलं, "हळद लावली होती की ओली मेंदी?" आपल्याला फोन केला, तर आपण म्हणालात, "लॅबवाल्याचा घोळ असेल, साहेब." धन्य आहात!

खरेदीच्या दिवशी मी एवढंच विचारलं होतं, की हे कोणत्या सालचं? आपण अभिमानाने म्हणालात, "सीलबंद डबा आहे!" खरंच होतं. पश्चिमेकडे तोंड असलेल्या आपल्या काचेच्या कपाटात तो इतकी वर्षं सीलबंद बसला होता, की त्यावरची लाल अक्षरं फिकट गुलाबी झाली होती. आतलं यंत्र मात्र रंगांची राखण करायला निघालेलं. जुन्या कलरिमीटरमधले, म्हणजे अशा यंत्रांमधले, सेंद्रिय फिल्टर उष्णतेने, दमट हवेने, नुसत्या वयानेही उतरतात, हे आपल्या कानावर नसेलच. 2011 साली आलेल्या आय-वन डिस्प्ले प्रोसारख्या यंत्रांत जास्त टिकाऊ फिल्टर आणि बंदिस्त रचना आली, ती उगाच नव्हे. त्याच जातीची यंत्रं हल्ली कॅलिब्राइट कंपनीच्या नावाने मिळतात. पण नवा माल दाखवला, तर कपाटातला जुना कधी खपायचा?

माझा मॉनिटर वाइड गॅमट, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रंग दाखवणारा आहे, हेही मी सांगितलं होतं. "सगळ्याला चालतं," आपण म्हणालात. स्क्रीनला अडकवता येतं, एवढ्याच अर्थाने चालतं. हे यंत्र ज्या काळचं, त्या काळी स्क्रीनमागे बारीक ट्यूब जळायच्या. आताच्या एलईडी पॅनेलचा प्रकाश वेगळ्या तरंगलांबींवर उसळतो, म्हणून कलरिमीटरला त्या पॅनेलच्या जातीची दुरुस्ती-फाइल द्यावी लागते. ती नसेल तर नवं यंत्रही पांढऱ्याचा भलताच अर्थ लावतं.

मी कुरकुर करताच आपण तिप्पट किमतीचा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुढे केलात. "बाप आहे बाप!" कबूल, तो प्रकाश तरंगलांबीनुसार वाचतो, फिल्टर उतरण्याची भानगड नाही, आणि त्याने छापील कागदाचं प्रोफाइलही बनतं. पण माझ्याकडे प्रिंटर नाही, छपाई लॅबमध्ये होते. शिवाय गडद छटा मोजताना हा बाप चाचपडतो. तिथे चांगला कलरिमीटरच सरस, आणि वेगवानही. आपण ग्राहकाची गरज पाहत नाही, खिसा पाहता. नजर मात्र तीक्ष्ण आहे, त्याबद्दल शंका नाही.

डब्यातली सीडी घालायला माझ्या संगणकात जागा नाही, ते सोडा. डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या यंत्रांनाही ओळखतं, त्याने यालाही ओळख दिली. ओळख दिली, तारुण्य नाही.

आणि एक. आपण प्रात्यक्षिक दाखवलंत तेव्हा मॉनिटरचा ब्राइटनेस शंभर टक्के होता. छपाईसाठी काम करणारे तो दर चौरस मीटरला 80 ते 120 कँडेलाच्या आसपास ठेवतात. तेवढं केलं तरी "प्रिंट काळे येतात" म्हणणारे आपले निम्मे ग्राहक यंत्राशिवायच बरे होतील. धंद्याला ते बरं नाही, समजू शकतो.

पैसे परत मागत नाही. आपण ते देणार नाही आणि माझा वेळ जाईल. मागणी छोटी आहे. उरलेल्या डब्यांवरचं "प्रोफेशनल चॉइस" हे स्टिकर खरवडून काढा आणि तिथे यंत्र तयार झाल्याचं वर्ष लिहा, ठळक. काळ्या शाईने लिहा, बाकीचे रंग आपल्या कपाटात टिकत नाहीत.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक सीलबंद ग्राहक