जावयाची शिकार

पुण्यात दर रविवारी सकाळी आठला मी मटणाच्या रांगेत उभा असतो. याला मटणातलं कळतं, अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे. “सीना-चाप मिक्स कर, वर दोन नळ्या टाक,” हे मी अशा थाटात सांगतो, की मागच्याला वाटावं बोकड यांनीच वाढवलाय. सुरा वर गेला, की मात्र मी मोबाइलमध्ये बघतो.

हे ज्ञान मी गेल्या आषाढात सासुरवाडीला पाजळलं, ही चूक. सासुरवाडी बीबीची. लोणार तालुका, बुलडाणा जिल्हा, त्यातही ‘घाटावरचा’. जेवणं झाल्यावर ओसरीत मी म्हणालो, “मटण खायचं तर माणसानं एकदा तरी स्वतः मारून खावं. परदेशात लोक एक हरीण मारतात आणि महिनोन्‌महिने फ्रीजरमधून काढून खातात.”

मेहुणा सुपारी कातरत होता. तो म्हणाला, “दाजी, आपल्या इथं हरनाले हात लावला का फॉरेस्टवाले येतेत. अन् पोलीस ठानं गावातच हाये. लांब जा लागत नाही.”

मग त्यानं मला 1972 चा वन्यजीव कायदा समजावला. आमच्या आवडीचं जे जे रानात पळतं, ते बहुतेक सगळं त्यात बसतं. रोही, म्हणजे नीलगाय, रात्रीत अर्धा एकर सोयाबीन फस्त करतो, रानडुक्कर भुईमूग उकरतं. त्यांच्यासाठी अर्जफाटे करून परवानगीची वाट आहे, पण कढईपर्यंत ती वाट जात नाही. “सोयाबीन आपलं, रोही सरकारचा,” मेहुणा म्हणाला. जिल्ह्यात स्वतःचं मटण स्वतः मारून खायची मुभा फक्त बिबट्यांना, आणि 2019 च्या अखेरीस यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत चालत ज्ञानगंगा अभयारण्यात पोचलेल्या त्या ‘वॉकर’ वाघाला. गळ्यात रेडिओ कॉलर घालून तो सगळा मिळून तीनेक हजार किलोमीटर हिंडला. बायकोच्या शोधात, असं म्हणतात. मी बायकोच्या माहेरी रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसून आलो, तरी माझे पाय सुजले होते.

“मंग खेकडे धरू,” मेहुणा म्हणाला. माझा चेहरा पडला. मासे तरी? लोणारचं सरोवर तालुक्यातच. पण उल्केनं पावणेदोन किलोमीटर रुंदीचं पातेलं दिलं, त्यात मीठही आधीच घालून ठेवलं, आणि नेमका मासाच त्या पाण्यात टिकत नाही अशी त्याची पूर्वापार कीर्ती. तेव्हा खेकडे.

रात्री नऊला निघालो. मी, मेहुणा, त्याचा दहा वर्षांचा मुलगा, एक बॅटरी, झाकणाची बादली आणि काठीला सुतळीनं बांधलेलं कोंबडीचं आतडं. पाऊस नुकताच उघडला होता. काळ्या मातीनं पहिल्या शंभर पावलांतच माझ्या चपलांचं वजन दोन-दोन किलो केलं. पुढच्या शंभरात एक चप्पल तिनं ठेवूनच घेतली. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मासे धरण्याच्या राजविनोदावर वेगळं प्रकरण आहे. चिखलात एक चप्पल गेलेल्या राजाचा त्यात विचार झालेला नाही.

ओढ्याच्या काठावर बिळं होती. “तोंडाशी ताजा चिखल असन तर खेकडा. कोरडं असन तर हात घालू नका.”

“कोरड्यात काय असतं?”

“काही बी असू शकते,” भाचा आनंदानं म्हणाला.

मी बिळाचा नाद सोडून दगडावरच्या खेकड्यांकडे वळलो. उजेड डोळ्यांवर पडला, की खेकडा जागीच थिजतो. मागून जायचं, पाठीवर अंगठा, पोटाखाली बोटं, आणि उचलायचा. भाच्यानं पाच मिनिटांत चार उचलले. त्यातला एक त्यानं उलटा करून मला दाखवला. पोटाखालचं रुंद झाकण जरा सरकवलं, तर आत भाताच्या शितांएवढी पिल्लं खच्चून भरलेली, एकेकाला आठ पाय, दोन नांग्या, सगळी वळवळत असलेली. गोड्या पाण्यातली खेकडीण पिल्लं अशी पोटाशीच वागवते. “ही लेकुरवाळी,” म्हणून त्यानं तिला हळूच पाण्यात सोडलं. मी तोवर दोन वेळा आवंढा गिळला होता.

“दाजी, तुमचा नंबर.”

समोर मोठा नर होता. मी मागून गेलो. तोही मागे वळला. अंगठा पाठीवर ठेवायचा होता, तो नांगीत गेला. पुढचं मला सलग आठवत नाही. मी ओरडलो, एवढं नक्की. कारण लांबच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. हात झटकला तशी पाण्यात डुबुक् आवाज झाला. बॅटरीच्या उजेडात पाहतो तर अंगठ्याला नांगी लोंबतेय, खेकडा गायब. जिवावर आलं, की तो नांगी सोडून देतो; कात टाकता टाकता पुन्हा नवी फुटते. मला उजवा अंगठा एकच आहे.

घरी सासूबाईंनी हळद लावली आणि पाटा मांडला. खेकड्यांना मी हात लावला नाही. मेहुण्यानं चूल पेटवली, बादली घेतली आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तेवढ्यात मला मोबाइलमध्ये फार महत्त्वाचं काही तरी बघायचं होतं.

रात्री अकराला ताटं वाढली. झणझणीत काळा रस्सा, बाजरीची भाकरी. सासूबाईंनी पातेल्यात पळी फिरवून एक सुटी नांगी शोधून काढली आणि माझ्या ताटात अलगद ठेवली.

“घ्या जावाईबापू. ही तुमची.”

घर माना खाली घालून जेवत होतं. भाचा तेवढा ठसकला. मी डाव्या हातानं वरवंटा मागितला, कारण उजवा अंगठा बांधलेला होता. दोन घावांत नांगी फुटली. आत करंगळीच्या नखाएवढं मांस होतं.

“अजून रस्सा घ्या,” सासूबाई म्हणाल्या, “शिकारीनं भूक लागली असन.”