गैरहजर उमरावाचा वाडा

बुखारेस्टहून एकट्यानेच आगगाडीत बसून, प्रहोवाचे खोरे आणि सिनायाची सूचिपर्णी अरण्ये मागे टाकीत, 166 किलोमीटरांवरच्या ब्राशोव्हला उतरावे, तो कळते की ब्रानच्या किल्ल्याकडे रेल्वेच जात नाही, पुढे बस. ज्या ड्रॅक्युला नामक उमरावाच्या दर्शनार्थ हा खटाटोप, त्याला 1897 साली जन्मास घालणाऱ्या कादंबरीकार स्टोकरसाहेबांनी रुमानियात कधी पाऊल टाकले नव्हते, आणि ज्या व्लाद नामक मध्ययुगीन राजाच्या नावे ही जहागीर लोकांनी परस्पर दाखल केली, त्याची तेथे वहिवाट असल्याचा दाखला दफ्तरी नाही. वस्तुतः 1920 साली ब्राशोव्हकरांनी किल्ला बहाल केला तो रुमानियाच्या राणी मारीला. परंतु बिचारीला सुळे नव्हते! दरवाजाबाहेर प्लास्टिकच्या सुळ्यांचा बाजार भरतो. मीही, विवेकबुद्धी पूर्ण शाबूत असताना, घासाघीस करून एक जोडी घेतलीच.